रडायला जागा

“विभे, आत नळ नुसताच वाहतोय का गं?”

लीलाआत्या मोरीच्या दाराबाहेर उभी होती. मी आत पालथ्या बादलीवर बसले होते आणि नळ पूर्ण सोडला होता. मला आवाज हवा होता.

“अंघोळ करतेय, आत्या.”

“अंघोळीचा आवाज वेगळा असतो. तांब्याचा आवाज कुठाय?”

मी तांब्या भरून फरशीवर ओतला.

“हां. आता आवर. पाणी जायची वेळ झाली आणि निम्मं घर अजून पारोसं आहे.”

तिच्या मागून गजाकाका ओरडले, “ताई, तिला म्हणावं माझ्यापुरती एक बादली ठेव. काल मी मगभर पाण्यात अंघोळ केली. मग म्हणजे चहाचा मग.”

“तुला तेवढं पुरतं. डोक्यावर केस तरी कुठे उरलेत?”

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं आणि दुखवट्याचं घर आहे हे आठवून गप्प झालं. मी नळ बंद केला, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आले. आत्याने माझी हनुवटी धरून डोळे नीट बघितले. ते पांढरेशुभ्र होते. तिने निराशेने मान हलवली आणि काकांना आत ढकललं.

आईला जाऊन पाच दिवस झाले होते आणि मी अजून रडले नव्हते. याची काळजी माझ्यापेक्षा घराला जास्त होती.

आई दवाखान्यातच गेली. सकाळी, मी खाली चहा प्यायला गेले होते तेवढ्यात. मग दाखला, गाडी, फोन, हार, सगळं मीच बघितलं, कारण अप्पा खुर्चीत बसले ते बसूनच राहिले. आणि त्यानंतर माणसं यायला लागली. मला रडायचं नव्हतं असं नाही. ते घशापर्यंत येऊन थांबलंय हे मला कळत होतं. पण मला चारचौघांत रडता येत नाही, लहानपणापासून येत नाही. दार लावून एकटीला थोडा वेळ मिळाला असता तरी पुरे होतं. डोंबिवलीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात, म्हणजे बाहेरची एक खोली आणि मागचं स्वयंपाकघर यांत, तेवढं सोडून बाकी सगळं मिळत होतं.

ओतूरहून शकुमावशी आली होती, आईची धाकटी बहीण. साताऱ्याहून लीलाआत्या, अप्पांची बहीण. नाशिकहून अप्पांचे धाकटे भाऊ गजाकाका. हे तिघं आले आणि कुणालाही न विचारता त्यांनी आपापल्या गाद्या कुठे पडणार ते ठरवून टाकलं. त्यांच्याखेरीज मामेभाऊ होते, चुलत भावजया होत्या आणि एक टोपीवाले गृहस्थ होते. ते कुणाचे कोण हे तेराव्यापर्यंत कुणालाच कळलं नाही. प्रत्येकाला वाटत होतं, ते दुसऱ्या कुणाचे तरी आहेत.

मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत असे. नववीला लोकसंख्येची घनता असते. काकांना ते ठाऊक होतं.

“विभा, आपल्या या घराची घनता किती गं येईल?” दुसऱ्या दिवशीच त्यांनी विचारलं होतं. “माणसं भागिले जागा, असंच ना?”

मी हिशेब करून सांगितलं.

“म्हणजे आपण हाँगकाँगच्या पुढे?”

“बरेच पुढे, काका.”

काका इतके खूश झाले की समोरच्या बाल्कनीत दात घासणाऱ्या माणसालाही त्यांनी ते सांगितलं.

त्यात मे महिना. बाहेरच्या खोलीत, आईला आणून ठेवलं होतं त्या जागी, पिठावर दिवा तेवत होता. तो विझू द्यायचा नसतो, म्हणून पंखा बंद. दिव्यापासून हातभर तरी लांब बसायचं असा आत्याचा दंडक, त्यामुळे मुळात नसलेली जागा आणखी कमी झाली होती. दिव्याला मात्र ऐसपैस मिळाली होती. आईला हे आवडलं असतं. या घरात तिच्या वाट्याला एवढी जागा कधी आली नव्हती.

मोरीतून हाकलल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. सगळे अंघोळीच्या रांगेत होते, ओटा रिकामा होता. मी खिडकीशी उभी राहिले. कादंबऱ्यांतल्या बायका दुःख झालं की खिडकीशी जाऊन उभ्या राहतात. मी अशा पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या आहेत. पण त्या बायकांच्या खिडकीबाहेर ठोसरकाकू नसतात.

अप्पांनी हे घर घेतलं ते याच खिडकीसाठी. तेव्हा तिच्यातून भातखाचरं दिसायची, पार खाडीपर्यंत. बगळे उतरायचे. लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी बेडकांनी मला झोपू दिलं नाही, असं आई सांगायची. मग खाचरांवर भराव पडला, इमारती आल्या आणि खाडीवरचा वारा आमच्यापर्यंत यायचा बंद झाला. माझ्या आठवणीत या खिडकीबाहेर पलीकडच्या इमारतीची खिडकीच आहे. हात लांब केला की ठोसरकाकूंच्या ओट्यावरचं मीठ घेता येतं. ते घेतलं जायचंही. त्याही आमची साखर घ्यायच्या.

मी खिडकीच्या गजांना कपाळ टेकलं. घशातलं वर यायला लागलं.

“विभा, चहा झाला का गं?”

“झाला, काकू.”

“डोळ्यांत काही गेलंय का?”

“नाही. कांदा चिरत होते.”

ठोसरकाकूंनी मान वाकवून आमच्या ओट्यावर नजर टाकली. ओट्यावर कांदा नव्हता. त्यांनी आपल्या टोपलीतला एक कांदा उचलला आणि गजांतून माझ्या हातात दिला.

“घे. चीर,” त्या म्हणाल्या आणि आपल्या गॅसकडे वळल्या.

मी विळी घेतली. कांद्याचे दोन तुकडे केले तेवढ्यात लीलाआत्या आत आली.

“अगं, हे काय? या दिवसांत कांदा? कुणी दिला?”

ठोसरकाकू तिकडे एकाग्र होऊन दूध बघत होत्या. आत्याने तो कांदा चिमटीत धरून बाहेर नेला. माझ्या डोळ्यांत नुकतं कुठे पाणी आलं होतं, तेही कांद्याचं.

दुपारनंतर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. माझी जागा ठरलेली होती. दिव्याच्या बाजूला, सतरंजीवर, अप्पांच्या खुर्चीपाशी. येणारी बाई आधी दिव्याला नमस्कार करायची, मग अप्पांपुढे उभी राहायची. अप्पा हात जोडायचे. अप्पांना कुणीच काही म्हणत नसे. मग ती माझ्याजवळ बसायची.

“रडली का?” ती माझ्या डोक्यावरून आत्याला विचारायची.

“नाही हो. पाच दिवस झाले.”

“असं बरं नव्हे. अगं, रड बाळा. मोकळी हो.”

आणि मग खोलीतले सगळे थांबून माझ्याकडे बघायचे. अंगारकीला चंद्र उगवायची वाट बघतात तसे. टोपीवाले गृहस्थ तर पुढे सरकून बसायचे. मी रडायचा खरोखर प्रयत्न केला. आईचा हात आठवून बघितला, तिचा चष्मा आठवून बघितला. पण एवढ्या माणसांनी एकदम बघायला लागल्यावर मला फक्त घाम यायचा.

“शिकलेल्या मुलींचं असंच होतं,” एक बाई जाताना जिन्यात म्हणाल्या. आमच्या जिन्यात म्हटलेलं सगळं घरात ऐकू येतं. “आत साठवून ठेवतात.”

“साठवायला जागा तरी कुठाय हिच्याकडे?” काका पुटपुटले. आत्याने त्यांच्या मांडीला चिमटा काढला.

संध्याकाळी मी गच्चीची किल्ली घेतली. सुतकात देवळात जायचं नसतं, पण गच्चीबद्दल शास्त्रात काही म्हटलेलं नाही. आत्याला तोवर डुलकी लागली होती. मी हळूच वर गेले. दार उघडंच होतं. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिशच्या थाळ्या, कुणाच्या तरी कुरडया, आणि चारी बाजूंना दुसऱ्या गच्च्या, त्यांवर त्यांच्या टाक्या. मोकळी जमीन कुठेच दिसत नव्हती. लांब मलंगगडाचे सुळके तेवढे होते, तेही धुळीत अर्धे.

मी टाकीच्या आडोशाला गेले. तिथे चौथ्या मजल्यावरची अनघा आणि तिचा नवरा उभे होते. ते भांडत होते. पण कुजबुजत.

“मी सांगून ठेवते, मशीन गॅलरीत गेलं नाही तर मी माहेरी जाईन.”

“अगं पण आई गॅलरीत बसते दुपारी. तिनं कुठे बसायचं?”

“आणि मी कपडे कुठे धुवायचे? तुझ्या डोक्यावर?”

मला बघून दोघं दचकले. मी परत वळणार होते, पण अनघाने माझा हात धरला.

“विभाताई, तुम्हीच सांगा. वॉशिंग मशीन गॅलरीत ठेवावं की मोरीत?”

“मला खरंच यातलं...”

“नाही, तुम्ही तिऱ्हाईत आहात. तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन,” तिचा नवरा म्हणाला.

मी विचार केला. “गॅलरीत ठेवा. आणि त्यावर गादी टाका. आई वर बसतील, पलीकडचं चांगलं दिसेल त्यांना.”

नवऱ्याचा चेहरा पडला. अनघा हसली, आणि मग एकदम तिचा हात तोंडावर गेला. “अय्या ताई, तुमच्याकडे तर... आम्ही जातो खाली. तुम्ही बसा.”

“खाली कुठे भांडाल?”

“झालंय आमचं.”

“काही झालेलं नाही,” नवरा म्हणाला. “गादीवर बसायला आई काय माकड आहे?”

मला ती जागा त्यांच्याकडून घेववेना. माझं एकटीचं होतं, थांबू शकत होतं. त्यांना रात्री एकाच खोलीत सासू-सासऱ्यांच्या पायथ्याशी झोपायचं होतं. मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरले.

आमच्या मजल्याच्या वरच्या पायरीवर शकुमावशी बसली होती. पदराने वारा घेत.

“मिळाली का?” तिने विचारलं.

“काय?”

“जागा. सकाळपासून बघतेय मी तुला. मोरीत लीलाताई, खिडकीत ठोसरबाई. गच्चीवर कोण होतं?”

“चौथ्या मजल्यावरची अनघा आणि तिचा नवरा. भांडत होते.”

“मग तू काय केलंस?”

“निवाडा.”

शकुमावशी एवढी हसली की तिला ठसका लागला. मग ती थांबली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचा हात आईसारखाच होता, फक्त जरा खरखरीत.

“वेडे, या गावात जागा शोधून मिळते होय? जागा मागायची असते.”

“कुणाकडे मागू, मावशी?”

ती उठली. आत जाऊन खोलीच्या मधोमध उभी राहिली.

“लीलाताई, दाराला कडी घाला. गजाभाऊ, उठा. पाठी.”

आत्या आणि काकांनी एकमेकांकडे बघितलं. क्षणभर त्यांचे चेहरे मला अगदी तरुण दिसले. मग आत्याने, जिने सकाळपासून मला पाच मिनिटं एकटं सोडलं नव्हतं, उठून कडी घातली. एका हाकेत कधीही न उठणारे काका उठले.

“अहो, कुणी भेटायला आलं तर?” एका भावजयीने विचारलं.

“थांबतील जिन्यात,” आत्या म्हणाली.

“पण करायचंय काय?”

“भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि मोठ्यांदा बोलत राहायचं,” काका सांगू लागले. “काहीही बोला. फक्त मागे वळून बघायचं नाही. फार सोपं आहे, मी लहानपणी केलंय.”

“लहानपणी कुठला! मिशा फुटल्या होत्या तुला,” आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “अशी काय बघतेस? तुझ्या आईचा कायदा आहे हा.”

“मला कधी बोलली नाही ती.”

“तू कळती झालीस तोवर आम्ही सगळे पांगलो होतो. तू, दादा आणि वहिनी, तिघंच राहिलात. तुम्हाला जागाच जागा. आम्ही होतो तेव्हा मी लग्नाची, हा गजा कारखान्यात उमेदवारीला, ही शकू डी.एड.ला. आणि दादा-वहिनी नवे नवरा-बायको. सगळे इथेच. कुणाला कुणाचा श्वास चुकवता यायचा नाही. सारखी भांडणं. एक दिवस वहिनी म्हणाली, भिंत बांधायला बिल्डर लागतो, पाठ फिरवायला काही लागत नाही. ज्याला एकटं बसावंसं वाटेल त्याने त्या कपाटाजवळच्या कोपऱ्यात जायचं आणि ‘पाठी’ म्हणायचं. बाकीच्यांनी पाठ फिरवायची. आणि आवाज करायचा, म्हणजे कोपऱ्यातलं काही ऐकू येणार नाही.”

“आणि नंतर विचारायचं नाही,” शकुमावशी म्हणाली.

“कधीच विचारायचं नाही. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मी अख्खी संध्याकाळ घेतली होती.”

“आमचे विषय संपले त्या संध्याकाळी,” काका म्हणाले. “शेवटी मी पाढे म्हणायला लागलो.”

“सतराचा चुकलास. मला कोपऱ्यात ऐकू येत होतं. आणि तू नापास झालास तेव्हा...”

“ताई, विचारायचं नाही असं ठरलंय.”

“आणि आई?” मी विचारलं. “आईने घेतला कधी कोपरा?”

शकुमावशीने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट केलं.

“एकदा,” शकुमावशी म्हणाली. “ही पलीकडची इमारत वर चढत होती. एके दिवशी तिची भिंत खिडकीच्या वर गेली. अक्का येऊन कोपऱ्यात बसली. बराच वेळ बसली होती. मग उठली, पदर खोचला आणि म्हणाली, आता समोर राहायला कोण येतंय ते बघायला हवं.”

आत्याने टाळी वाजवली. “चला. पुरे झालं. जा बाई तू कोपऱ्यात.”

मी कपाटाजवळ जाऊन बसले. खोलीतली सगळी माणसं वळली. भावजया, मामेभाऊ. टोपीवाले गृहस्थही टोपी सारखी करून वळले. अप्पा इतके दिवस खुर्चीतून उठत नव्हते, ते उठले आणि कुणी न सांगता दाराशेजारी कॅलेंडरखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांची नेहमीची जागा असावी ती.

“यंदा नाशकात कांद्याचं काही खरं नाही,” काकांनी दणक्यात सुरुवात केली.

“साताऱ्यातही तेच!” आत्या ओरडली.

“तुमच्या साताऱ्यात कांदा कुठला? तुमच्याकडे नुसता वारा.”

“आणि तुमच्याकडे?”

टोपीवाले गृहस्थ पुण्याहून डोंबिवलीला यायला कुठली गाडी बरी पडते ते सांगू लागले. लोणावळ्याला वडा खावा की कर्जतला, असं ते बोलत होते. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मोठा सुरेल होता.

मी त्या पाठींकडे बघत होते. काकांचा बनियन खांद्याशी फाटला होता. आत्याच्या ब्लाउजचं एक हूक निसटलं होतं. शकुमावशीचा अंबाडा आईसारखाच, जरा डावीकडे कललेला. पाच दिवसांत पहिल्यांदा या घरातलं कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. एवढी शोधलेली जागा अखेर मिळाली होती, आणि मला हसू येत होतं. काका कांद्यावरून लसणावर गेले तेव्हा मी तोंडात पदर कोंबला.

आणि तेव्हा मला अप्पांची पाठ दिसली.

ते कांद्याबद्दलही बोलत नव्हते आणि वड्याबद्दलही. त्यांचे खांदे हलत होते. हलायचे, थांबायचे, पुन्हा हलायचे. एका हाताने त्यांनी भिंतीचा आधार घेतला होता. शेजारी बसलेल्या मामेभावाला ते कळलं असतं, पण तो नेमाने समोरच्या भिंतीशी बोलत होता. खोलीत एकटी मीच अशी होते जिला ते दिसत होतं, कारण त्या सगळ्या पाठी माझ्यासाठी फिरवल्या होत्या.

पाच दिवस अप्पा त्या खुर्चीत बसून येणाऱ्याला नमस्कार करत होते. त्यांना कुणी रडा म्हणालं नव्हतं. मी निदान मोरीत गेले होते, गच्चीवर गेले होते.

मी बसल्या जागी वळले. कपाटाकडे पाठ केली होती ती आता खोलीकडे केली आणि तोंड भिंतीच्या कोपऱ्यात घातलं. आता या घरात कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. भिंतीचा चुना नाकाला लागला, आणि ते आलं. एकदम आलं. मला वाटलं होतं तसं घशातून नाही, पोटातून आलं.

किती वेळ गेला ते माहीत नाही. मागचा आवाज विरळ होत होता.

“लसूण पण वहिनी नेहमी...” काका म्हणाले आणि थांबले. त्यांना पुढे जमेना. आत्याही काही बोलेना. टोपीवाले गृहस्थ कर्जतला पोचून थांबले. दिव्याची वात तडतडलेली ऐकू आली, आणि मग दाराच्या बाजूने, दाबून धरलेला, एक हुंदका.

आता कुणीतरी बोलायला हवं होतं. मोठ्यांदा, आणि लगेच.

“मावशी,” मी भिंतीला म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “लोणच्याच्या कैऱ्या आणायच्या राहिल्यात यंदा.”

“मग आणू की!” शकुमावशीने तिकडच्या भिंतीतून लगेच उचललं. “किती आणायच्या?”

“आणते तेवढ्याच. म्हणजे... आई आणायची तेवढ्या.”

“कैऱ्या कसल्या आणताय?” आत्याचं नाक भरलं होतं, पण जोर आला होता. “वर्ष होईपर्यंत या घरात लोणचं घालायचं नाही. पापड नाहीत, लोणचं नाही.”

“या घरात नाही ना? मग मी ओतूरला घालते आणि बरणी आणून देते.”

“म्हणजे तेच झालं!”

“तेच कसं होईल? ओतूरला कुठाय सुतक?”

“अगं, सख्खी बहीण ना तू तिची?”

“लग्न झालेली. मला तीनच दिवसांचं. ते फिटलं कधीच.”

“ही कुठली शास्त्रं काढतेस गं तू?”

“ताई, मी शकूच्या बाजूने,” काका परत आले होते. “मला लोणच्याशिवाय घास उतरत नाही.”

“तू नाशिकला जाऊन खा!”

छान आवाज झाला. रस्त्यावर ऐकू जाईल एवढा. जिन्यात भेटायला आलेली माणसं खरोखरच थांबली होती. आत वाद चाललाय असं त्यांना वाटलं आणि ती नंतर कुणाकुणाला सांगतही फिरली. त्या आवाजाआड मी हवं तेवढं रडून घेतलं. अप्पांनी काय केलं ते मला माहीत नाही. ते पुढे बरीच वर्षं होते. आम्ही दोघंच त्या घरात राहिलो, एकत्र जेवलो, एकमेकांना औषधाची आठवण करून दिली. त्या संध्याकाळबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनीही मला विचारलं नाही. तसं ठरलेलंच होतं.

कैऱ्यांचा वाद मसाल्यावर आला. मेथी भाजून घालायची की तळून, यावर आत्या आणि मावशी एकमेकींचं ऐकेनात.

“शकू,” दाराच्या बाजूने आवाज आला.

हो आणि नाही यांच्यापलीकडचा अप्पांचा पाच दिवसांतला तो पहिला शब्द. कुणीही वळून बघितलं नाही.

“राजापुरी घे,” अप्पा म्हणाले. “तिला दुसरी चालायची नाही.”

“राजापुरीच घेते, दाजी,” शकुमावशी भिंतीला म्हणाली.

आत्या काहीतरी म्हणणार असं मला वाटलं. सुतकाचं, वर्षाचं, शास्त्राचं. तिने नाक पुसलेलं ऐकू आलं.

“फोडी मोठ्या ठेव गं,” ती म्हणाली.